आठ ते आठ

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत
टॉवेलच्या कारखान्यावर, पत्र्याखाली माझं ऑफिस.
एक टेबल, एक कॉम्प्युटर,
आणि खालून येणारा मागांचा खडखडाट,
पायांतून चढतो, दाढेत येऊन थांबतो.

शनिवारी पगाराच्या चिठ्ठ्या निघाल्या.
नरसम्मा सादूल जिना चढून वर आली,
केसांवर कापसाचा भुगा तसाच.
"वाच की," म्हणाली.
वाचलं.
आत : आठ. बाहेर : आठ. कामाचे तास : शून्य.
अशा सहा ओळी.
"सहा रात्री मी काय झोपा काढल्या काय?"

मुनीम कुरापाटी चष्म्यावरून बघत म्हणाले,
मशीन खोटं बोलत नाही.
खरंय. मशीन
सांगितलं तेवढंच बोलतं.
आणि सांगितलं होतं मी.

जावात अक्षरांचा मान सांभाळावा लागतो.
मोठा एच चोवीस तास सरळ चालतो,
छोटा एच बाराला वळसा घालून पुन्हा एकवर येतो.
मोठा एम महिना, छोटा एम मिनिट;
मागे एक बिल माझ्या हातून गेलं
ज्यावर सदतिसावा महिना होता.
जर्मनीच्या गिऱ्हाइकानं विचारलं,
तुमच्याकडे वर्ष असतं तरी केवढं?
एप्रिल चालू होता. पत्रा तापलेला.
एवढंच असतं, असं लिहावंसं वाटलं.

मोठा वाय तर त्याहून लबाड,
तो आठवड्याचं साल सांगतो, दिवसाचं नाही.
डिसेंबर सरता सरता एखाद्या सोमवारी
पुढच्या सालात जाऊन बसतो,
पंगत उठायच्या आधीच
मागे उभं राहून पान धरणाऱ्या पाहुण्यासारखा.

हे सगळं मला पाठ होतं.
तरी रात्रीचे आठ मी सकाळच्या आठांत मिसळले
आणि वजाबाकीनं आपलं काम चोख केलं.

"माझा बाप गिरणीत होता," नरसम्मा स्टुलावर बसत म्हणाली.
"भोंगा सकाळी व्हायचा, रात्री व्हायचा,
आवाज एकच.
रात्रीच्या भोंग्याला भाकरी बांधून जायचा,
सकाळच्याला डोळे चोळत यायचा.
भोंग्याला कळत नव्हतं.
त्याला कळायचं."

मी छोटा एच मोठा केला. चालवून बघितलं.
आठ वजा वीस.
कामाचे तास : उणे बारा.
म्हणजे आता तिनंच कारखान्याला पैसे द्यायचे!
मुनीम हसले. ती नाही हसली.
मग कळलं, रात्र एका तारखेत मावत नाही,
ती एकीत सुरू होते आणि दुसरीत संपते,
वेळेच्या आधी तारीख लिहावी लागते,
दोन्ही टोकांना.

तिची नोंद उघडली होती म्हणून दिसलं,
जन्मतारीख : एक जानेवारी, एकोणीसशे अडुसष्ट.
खालचे निम्मे लोक एक जानेवारीलाच जन्मलेत.
दिवस दोन आकडी, महिना दोन आकडी, साल चार.
फॉरमॅटमध्ये कुठं बोट ठेवायला जागा नाही.
"खरी कुठली?"
"गड्ड्याला. अक्षता पडायच्या दिवशी.
गर्दीतून सुईण यायला उशीर झाला म्हणे.
साल काय की."

काय की.
याला कुठलं अक्षर, मी अजून शोधतोय.

बहात्तर तास आले.
चिठ्ठी पुन्हा छापली, शाई ओली होती.
"काय केलंस एवढं?"
"एक अक्षर मोठं केलं. पुढं तारीख घातली."
"बास?"
"बास."
तिनं ती चिठ्ठी चार घड्या घालून,
जशी टॉवेलची घालते तशी, कडेला कड जुळवून,
कनवटीला लावली आणि भिंतीकडे बघितलं.
पावणेआठ. ते घड्याळ सात मिनिटं मागं आहे.
सगळ्यांना माहीत आहे,
म्हणून कुणी दुरुस्त करत नाही.
ती जिन्यावरून भराभरा उतरली.